देवरीवाली समाधानी आहे

सुशिलाबाई कापगते बोरीटोल्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या ते साल १९९९. तेव्हा गावात एकच फोन होता, तोही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपाआड. ते कुलूप सरपंच कधीमधी उघडायचा. सुशिलाबाईंच्या तोंडाचं कुलूप मात्र कोणाच्यानं उघडलं नाही. कोणाची पाळी चुकली, कोणाच्या नवऱ्याला कसलं दुखणं लागलं, कोणत्या पोरीला लग्नाआधीच सकाळी कोरड्या ओकाऱ्या येतात, हे सगळं त्यांच्या कानावर पडायचं आणि पोटात जाऊन बसायचं. बाई मूळच्या अर्जुनीकडच्या, कोहळी घरातल्या. वाडवडिलांनी गावोगाव तलाव बांधून पाणी अडवलं, लेकीनं बोलणं अडवलं, एवढाच फरक. उपकेंद्राची पायरी चढली की गावातली सगळ्यांत भांडखोर बाईसुद्धा आवाज खाली करायची.

नवरा लवकर गेला. एकुलत्या नीतूला शिकवून त्यांनी गोंदियाला नोकरीला लावलं. त्यांचा स्वतःचा दिवस ठरलेला होता. पहाटे आंघोळ, देव्हाऱ्यापुढं दिवा, एका लहानशा तांब्याच्या तांबीनं सूर्याला पाणी, पोथीचं एक पान, आणि मग लशींचा डबा खांद्याला.

तोंडावर ताबा ठेवणं तसं सोपं. देवानं त्यासाठी दात दिले, वरून ओठ दिले. अंगठ्यापुढं मात्र त्यानं कसलंच कुंपण घातलं नाही. अंगठ्याला पुढं एवढं बोलायचं आहे, हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं.

२०१५ साली नीतूनं आईला टचचा मोबाइल आणून दिला. त्याच सुमारास तालुक्याचे आरोग्य पर्यवेक्षक टेकचंद साहेब यांना साक्षात्कार झाला. त्यांनी 'निरोगी तालुका परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि सगळ्या नर्सांना त्यात कोंबलं. साहेबांचं एकच सांगणं असायचं, "मॅडम, काम झालं की नाही ते आपण बाद में देखेंगे. काम दिसलं पाहिजे."

काम दिसू लागलं. रांजणात औषध टाकतानाचा फोटो, हात धुतानाचा फोटो, धुतलेल्या हातांचा फोटो. पलीकडच्या गावची सोनिका सिस्टर तर फोटो काढण्याआधी बाळंतिणीच्या हाती गुलाबाचं फूल द्यायची. तिच्या फोटोखाली टाळ्यांची चित्रं इतकी यायची की खाली सरकवता सरकवता बोट दुखावं. सुशिलाबाईंनी पहिल्यांदा एका रडणाऱ्या बाळाचा लस टोचतानाचा फोटो टाकला, तर दोन टाळ्या आल्या. त्यातली एक नीतूच्या नर्स मैत्रिणीची, कीव म्हणून.

बाईंना वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटलं याचंही वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळाला टोचलं आणि बाळाच्या आधी फोनकडं पाहिलं.

मग कुठल्याशा गावी एका माणसानं तक्रार केली. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाचा फोटो नावासकट साऱ्या नातेवाइकांत फिरला होता. वरून आदेश आला. टेकचंद साहेबांनी तो ग्रुपवर टाकला, "लाभार्थीचे नाव टाकू नये. गोपनीयता पाळावी." त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. त्याच्याच खाली साहेबांचा दुसरा आदेश पडला, "लोकसंख्या पंधरवडा सुरू आहे. प्रत्येक उपकेंद्राने समाधानी लाभार्थीची एक यशोगाथा फोटोसह पाठवावी. जनजागृतीसाठी गावाच्या ग्रुपवरही टाकावी." त्याखालीही सगळ्यांनी हात जोडले.

सुशिलाबाई विचारात पडल्या. समाधानी लाभार्थी आणायची कुठून? गोळ्या नेणाऱ्या बाया कोंबड्यांना घालतात की खातात, याचीच शाश्वती नव्हती. मनापासून समाधानी अशी एकच होती, भूमेश्वरी पटले.

भूमेश्वरीला पाठोपाठ दोन मुली झाल्या. दुसऱ्या वेळी एवढं रक्त गेलं की गोंदियाच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं, तीन वर्षं थांबा, नाहीतर बाई हातची जाईल. म्हणून वर्षापूर्वी तिनं सुशिलाबाईंकडून तांबी बसवून घेतली. सासूला पत्ता नव्हता. सासू तुलसाबाई नातवासाठी इरेला पेटलेली. देवीला नवस बोललेली, शुक्रवार धरलेले, मिळेल त्याचं औषध सुनेच्या घशात ओतलेलं. एकदा उपकेंद्रातच येऊन म्हणाली, "का वो नर्सबाई, माह्या सुनेले दिवस काऊन राहून नाई राहिले?" सुशिलाबाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "देवाच्या मनात येईल तेव्हा राहतील, काकी," म्हणाल्या. देवाचं नाव पुढं केल्याबद्दल त्यांनी रात्री दिव्यापुढं माफी मागितली, पण गुपित राखलं.

तीच भूमेश्वरी त्या आठवड्यात धाकटीला लस द्यायला आली. सुशिलाबाईंनी फोन काढला.

"तोंडावर पदर घे गं जरासा."

"फोटो कायले, बाई?"

"ऑफिसला लागतो. तोंड दिसणार नाही, नावही नाही टाकणार. तसा नियमच आहे."

भूमेश्वरीनं पदर ओढला. नर्सबाई म्हणतात म्हणजे झालं.

आता इथं इकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली त्या गावाची होते. आमगाववाली, तिरोडावाली, साकोलीवाली. भूमेश्वरी देवरीची, म्हणून देवरीवाली. भूमेश्वरी हे नाव तिच्या आधार कार्डाला, तिच्या माहेराला आणि नर्सबाईंना ठाऊक होतं. खुद्द सासूला विचारलं असतं तर तिनंही डोकं खाजवलं असतं.

सुशिलाबाईंनी चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवून यशोगाथा लिहिली. नियमाप्रमाणे नाव गाळलं. "उपकेंद्र बोरीटोला. आपल्या गावातील देवरीवाली यांनी दोन मुलींनंतर तांबी बसवून कुटुंबाचे कल्याण साधले. आज त्या पूर्ण समाधानी आहेत. आपणही तांबी बसवा आणि देवरीवालीसारखे समाधानी राहा."

खरं नाव टाकलं असतं तर गावात कोणाला कळलं नसतं ही बाई कोण. नाव झाकलं आणि बाई उघडी पडली.

तालुक्याच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. एकानं न वाचताच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. टेकचंद साहेबांनी लिहिलं, "क्या बात है! नाव न टाकता परिणामकारक लेखन. सर्वांनी आदर्श घ्यावा." सोनिका सिस्टरनं एकच अंगठा पाठवला, तोही बऱ्याच वेळानं. सुशिलाबाईंना त्या दिवशी भात गोड लागला. जेवण झाल्यावर त्यांनी तीच यशोगाथा 'आपला बोरीटोला' या गावाच्या ग्रुपवर टाकली.

तो ग्रुप किराणा दुकानदार हिरालालच्या ताब्यात होता. तुलसाबाई सकाळी चहापत्ती आणायला गेली, तर हिरालाल भर दुकानात म्हणाला, "अभिनंदन, काकी! सून मोठी समाधानी हाय तुमची. तालुक्यात नाव झालं."

"कायचं नाव?"

"तांबी बसवली न तिनं!"

बाकड्यावरची माणसं खोकल्यासारखं करून हसली. तुलसाबाईला हसण्याचं कारण कळलं नाही, पण तांबी हा शब्द नीट कळला. तिथंच सगळा घोळ झाला. इकडच्या बाया त्या वस्तूला 'कापरटी' म्हणतात. तांबी हा सरकारी कागदातला शब्द. घरात तांबी म्हणजे तांब्याचं पाणी प्यायचं लहान भांडं. तुलसाबाई चहापत्ती विसरून घरी गेली, सगळं घर पालथं घातलं, आणि दुपार व्हायच्या आत उपकेंद्रात हजर झाली.

"नर्सबाई, माह्या सुनेले सरकारनं तांबी देल्ली म्हन्ते?"

सुशिलाबाईंनी हातातली सुयांची पिशवी बाजूला ठेवली. "कोण म्हणतं?"

"हिरालाल म्हन्ते, तुमच्या मोबाइलात आलं म्हन्ते. बसवली त कोठं बसवली? देव्हाऱ्यात नाई, पाण्यापाशी नाई. तांदळाच्या कोठीतबी हात घालून पाहून आली मी. चोट्टीनं माहेरी त नाई धाडली?"

सुशिलाबाईंना सुचलं ते नको ते सुचलं. "तांबी... इथंच आहे, काकी. वाटप राहिलं होतं."

त्या मागच्या आपल्या राहत्या खोलीत गेल्या. देव्हाऱ्यातली सूर्याला पाणी द्यायची तांबी उचलली. आत सकाळचं घोटभर पाणी होतं ते तुळशीत ओतलं. "देवा, तुझी वस्तू आहे, तूच निस्तर," म्हणाल्या आणि ती आणून तुलसाबाईच्या हाती ठेवली.

तुलसाबाईनं ती हातात तोलून पाहिली, नखानं वाजवून पाहिली. "हलकी हाय. सरकारचं असंच," म्हणाली. पण खूश होऊन गेली.

सुशिलाबाईंनी दार लोटलं आणि गावाच्या ग्रुपवरची यशोगाथा पुसली. डोळ्यांदेखत गेली. हायसं वाटलं. खात्री करावी म्हणून हिरालालला फोन केला.

"गेली का रे ती?"

"कोठं जाते, बाई? तुमच्या फोनातून गेली असंल. माह्या फोनात हाय, सगळ्याच्या फोनात हाय. देवरीच्या ग्रुपवरबी गेली, माहेरच्या लोकायनं बी पाहावं म्हणून."

मग त्यांनी टेकचंद साहेबांना फोन लावला. साहेब शांत होते. "मॅडम, नाव टाकलं होतं का?"

"नाही."

"चेहरा?"

"पदर होता."

"मग गोपनीयता पाळली न आपण! टेन्शन नका घेऊ. तुमची यशोगाथा मी पुढं पाठवली आहे."

रोवणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पटल्यांच्या बांधीत बाया रांगेनं वाकून धान रोवत होत्या. तुलसाबाई बाजूच्या धुऱ्यावर उभी राहून देखरेख करत होती, आणि तहान नसताना पुन्हा पुन्हा तांबीतून पाणी पीत होती. शेवटी कोणी विचारत नाही म्हटल्यावर तिनंच तांबी उंच धरली.

"पाहा वो, माह्या सुनेले सरकारनं देल्ली. तांबी."

रांग एकदम उभी राहिली. कोणी तोंडाला चिखलाचाच हात लावला, कोणी शेजारणीच्या खांद्यावर पडली. देवकाबाई रांगेतली सगळ्यांत जुनी, तिला हसू आवरेना. "अवो बुढे, ते तांबी प्यायची नाई! मोबाइलातली तांबी म्हंजे कापरटी. ते तुह्या हातात नाई, तुह्या सुनेच्या पोटात हाय!"

भूमेश्वरी रांगेच्या टोकाला होती. ती एकटी वाकलेलीच राहिली. हातातली रोपं एकेक करून चिखलात खोचत राहिली, जणू बांधीत दुसरं कोणी नाही.

तुलसाबाईनं तांबीतलं पाणी धुऱ्यावर ओतलं आणि एक शब्द न बोलता घरी गेली. तिचं ओरडणं गावानं उभा जन्म ऐकलं होतं. न ओरडलेली तुलसाबाई पाहून देवकाबाईसुद्धा घाबरली.

मुलगा लोकेंद्र गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होता, शुक्रवारच्या सुटीला घरी यायचा. तो आला त्याच दिवशी तुलसाबाई मुलाला आणि सुनेला घेऊन उपकेंद्रात आली. बाहेर ओळखीपाळखीची माणसं उगाच जमली. कोणाला खोकला होता, कोणाला नुसतं बसायचं होतं.

"काढ ते," तुलसाबाई म्हणाली. "आताच्या आता काढ. नाई त हे आज देवरीले जाते, कायमची. पोरी इथंच राहतीन."

सुशिलाबाई लोकेंद्राकडं पाहत राहिल्या. तो भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचत होता.

"लोकेंद्र, तू काही बोल," त्या म्हणाल्या.

"मले का मालूम, बाई? हे बायाबायाचे कामं."

सुशिलाबाईंना वर्षापूर्वीचा तो दिवस दिसला. हाच लोकेंद्र बायकोला मोटरसायकलवर घेऊन आला होता. बाहेर चिंचेखाली उभा राहून हात जोडून म्हणाला होता, "बाई, डॉक्टरनं सांगतलं, आता राहिलं त हिचं काही खरं नाई. बसवून द्या. फक्त आईले नका सांगू."

त्यांनी तुलसाबाईला समजावून पाहिलं. "काकी, ज्या बाईच्या अंगात ती आहे, तिनं म्हटल्याशिवाय मला काढता येत नाही. तिच्या मर्जीचा प्रश्न आहे."

"मर्जी?" तुलसाबाई दोन पावलं पुढं आली. "गावभर मोबाइलात टाकली तवा घेतली होती का तिची मर्जी?"

बाहेरचे खोकले बंद झाले. इतक्या वर्षांत सुशिलाबाईंना गावातल्या कोणी असं विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते चुकीचंही नव्हतं. त्यांनी लोकेंद्राकडं पाहिलं. एक वाक्य बोललं तर या मुलीचा संसार वाचतो. जिभेवर आलं. पण तेही भूमेश्वरीचंच होतं, त्यांचं नव्हतं. त्या तिच्याकडं वळल्या.

"सांगू का गं?"

भूमेश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

"आता इचारता, बाई?" ती म्हणाली. "राहू द्या. मीच सांगतो."

मग सासूकडं तोंड करून, पदर डोक्यावरून न सरकू देता, सरळ बोलली. "मामीजी, मले इथं तुमच्या पोरानं आणलं होतं. गाडीवर बसवून. डॉक्टरनं त्यायलेच सांगतलं होतं. इचारा त्यायले. अन् मी काढत नाई. तिसऱ्यात मी मेली त या दोघीयले कोण पाहीन? तुमचे गुडघे चालत नाई, अन् हे त गोंदियाले राहते."

तुलसाबाई हळूहळू मुलाकडं वळली. लोकेंद्र अजून भिंतच वाचत होता, पण चित्र संपलं होतं.

"तुले मालूम होतं?"

तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

"सांग न रे! मालूम होतं?"

"होतं," तो भिंतीला म्हणाला.

"मी शुक्रवार धरून राहिली. देवीले नवस बोलून राहिली. अनवाणी चालून राहिली. अन् तू दर शुक्रवारी घरी येऊन परसाद खाऊन राहिला?" तुलसाबाईचा आवाज फाटला. "नाई म्हनाले तुह्या तोंडाले का झालं होतं? परसादाले बरं उघडत होतं!"

बाहेर कोणीतरी हसलं. भूमेश्वरी हसली नाही. तुलसाबाई उपकेंद्राच्या पायरीवर बसली, थोडा वेळ गुडघे चोळत राहिली. कोणीही तिला उठवायला गेलं नाही. मग स्वतःच उठली.

"चाल," सुनेला म्हणाली. "खालची बांधी रोवाची राहिली हाय."

लोकेंद्राला तिनं चल म्हटलं नाही. तो मागून गेला.

देवरीला कोणी गेलं नाही. तांबीही निघाली नाही. पुढचे कितीतरी दिवस तुलसाबाई सुनेशी नातींच्या तोंडून बोलायची, "तुह्या मायले सांग, मीठ जास्त झालं." देवीचा उपास मात्र तिनं चालू ठेवला. आता तो कशासाठी आहे ते देवीलाच ठाऊक. सुशिलाबाईंची देव्हाऱ्यातली तांबी तिनं परत केली नाही. सरकारची आहे म्हणाली.

पंधरवडा संपला, तशी तालुक्याच्या गावी, गोरेगावला बैठक झाली. बोरीटोल्याची यशोगाथा तालुक्यात पहिली आली. टेकचंद साहेबांनी सुशिलाबाईंना गुलदस्ता दिला आणि फोटोसाठी शेजारी उभे राहिले. "हसा, मॅडम. समाधानी दिसा."

"साहेब, त्या बाईला तेच नाव आहे," सुशिलाबाई म्हणाल्या.

"कोणतं?"

"देवरीवाली. सगळं गाव तिला त्याच नावानं हाक मारतं."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग मोठ्यानं हसले. "हात्तिच्या! मग पुढच्या वेळी खरं नाव टाका न. कोणाला कळणार नाही!" आणि फोटो निघाला.

सुशिलाबाईंनी गुलदस्ता येताना देवळात ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या फोनातून कोणाचा फोटो गेला नाही. साहेबांनी ग्रुपवर दोनदा विचारलं, "बोरीटोला का दिसत नाही?" त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण गावाला त्याचं काय? बाया येत, ताप सांगत, खोकला सांगत, पोराचं नाक दाखवत, आणि जात. आवाज खाली करून कोणी काही बोलत नसे. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलता येईल एवढंच बोलत.

भूमेश्वरी तर आलीच नाही. तिची धाकटी लसीला यायची ती आजीच्या कडेवर. एकदा बाजाराच्या दिवशी गोरेगावच्या रस्त्यावर दोघी समोरासमोर आल्या. सुशिलाबाईंना विचारायचं होतं, पाळी बरी येते का, अंगात रक्त आलं का, दुखत तर नाही. भोवती कांद्याच्या ढिगांमागं अर्धा बोरीटोला उभा होता. "पोरी बऱ्या आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. "बऱ्या हायत, बाई," म्हणून ती पुढं गेली.

धानकापणीच्या वेळी देवकाबाई बोटाला विळा लागला म्हणून पट्टी बांधायला आली. पट्टी बांधून होईपर्यंत तिला दम निघाला नाही.

"का वो नर्सबाई, देवरीवालीची ते निघाली का हाय अजून?"

"मला ठाऊक नाही, देवकाबाई."

"आता आमच्यापासून लपवून राहिली होय? मोबाइलात बरं सांगतलं!"

देवकाबाई रुसून गेली आणि साऱ्या गावाला सांगितलं की नर्सबाई पुन्हा तोंड शिवून बसली. पण सुशिलाबाई लपवत नव्हत्या. भूमेश्वरी आता दुसरीकडं कुठंतरी तपासून घेत असणार, पण कुठं, कोणाकडं, कोणत्या गाडीनं जाते, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.